नुकसानीचा रकाना कोरा

सतराव्या शतकात देहूच्या तुकोबांनी अभंग रचिले, तेव्हा कोणाचे शेत बुडाले नाही की कोणाची चूल विझली नाही. तथापि शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होतो, एवढाच गुन्हा धरून वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी हरकत घेतली आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या. फिर्यादीत नुकसानीचा रकाना कोराच होता.

अपाय नसता पाप कसे, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कसोटीस लाविला. मोटारीखाली मेलेला आपलाच पाळीव कुत्रा शिजवून खाणाऱ्या कुटुंबाची कल्पित हकीकत त्यांनी ब्राझील व अमेरिकेतील लोकांस ऐकविली. फिलाडेल्फियातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी बहुधा ती त्या कुटुंबाची मर्जी मानिली, परंतु गरीब वस्त्यांतील पुष्कळांनी, कोणाचे काही बिघडले नाही हे दिसत असूनही, ते कृत्य गैरच ठरविले. हाइट यांनी पुढे मांडिले ते असे, की मन आधी निकाल देते आणि बुद्धी मागाहून कारणे जुळविते.

असा निकाल पुष्कळदा किळसच देते, आणि किळस सर्वस्वी त्याज्य नव्हे. सडक्या अन्नापासून तीच आपणास वाचविते. परंतु तिची साक्ष एकटीच असेल, तर माझ्या मते फिर्याद दाखलच करून घेऊ नये.