सोळा घरांची पाटी

ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोचले, ते एका शोकवार्तेच्या निमित्ताने. शाळा अर्ध्यावर सोडून पत्र्यालोखंडाचे काम करणाऱ्या 24 वर्षांच्या एका तरुणाने एका माणसापुरते हेलिकॉप्टर स्वतःच्या हातांनी रचले होते, आणि चाचणीच्या वेळी त्याचेच पाते तुटून त्याला प्राणास मुकावे लागले. त्या वेळी कोणी त्याच्या साहसाची प्रशंसा केली, कोणी शिक्षणव्यवस्थेला बोल लावला. माझ्या मनात मात्र एवढेच राहिले, की कारागिराला चुका करीत करीतच शिकावे लागते, आणि पहिल्याच चुकीला देहदंड देणारे यंत्र त्याला दुसऱ्या धड्यापर्यंत पोचूच देत नाही.

चुकीला मुभा देणारी जी थोडी यंत्रे आज सामान्य माणसाच्या ऐपतीत आली आहेत, त्यांत मायक्रोकंट्रोलर बोर्डाची गणना मी सर्वांत आधी करीन. तळहाताहून लहान अशा या हिरव्या-निळ्या पट्टीवर एक काळी चकती असते आणि दोन्ही कडांना तारा खोचण्याची छिद्रे असतात. आर्डुइनो उनो या सर्वपरिचित बोर्डाची चकती घेतली, तर तिचा कारभार तलाठ्याच्या दप्तरासारखा तीन जागी वाटलेला आढळतो: आपण लिहिलेले हुकूम जेथे कायम नोंदले जातात ते 32 किलोबाइटांचे दप्तर, वीज जाताच पुसली जाणारी, चालू हिशेबाची 2 किलोबाइटांची पाटी, आणि वीज गेली तरी टिकणारी अवघ्या 1 किलोबाइटाची टिपणवही. आजच्या मोबाइलपुढे हा जामानिमा हास्यास्पद वाटेल. परंतु ही चकती सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांच्या गतीने, न कंटाळता, एकच काम करीत राहते, आणि तिच्या दप्तरातील प्रत्येक हुकूम आपण स्वतः लिहिलेला असतो.

पहिले आर्डुइनो बोर्ड 2005 साली इटलीतील इव्रेया या गावी जन्मास आले. मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त साधन हवे होते. पुढे त्यांनी आराखडा सर्वांस खुला ठेवला, म्हणूनच त्याच्या नकला आज काहीशे रुपयांत राजरोस मिळतात. (नाव ठेवले ते त्यांच्या नेहमीच्या मद्यगृहाचे, आणि त्या मद्यगृहाला ते लाभले होते हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाकडून, असा विक्षिप्त वंशवृक्ष क्वचितच पाहायला मिळतो.) हाताने करीत शिकण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला तो ह्याच श्रद्धेने. आणि अमेरिकेतील एमआयटीने आपल्या ‘फॅब लॅब’ या कार्यशाळेची पहिली शाखा देशाबाहेर काढली, ती 2002 साली ह्याच पाबळला.

बोर्ड चुकीला देते त्या मुभेलाही हद्द आहे, आणि ती आरंभीच सांगितलेली बरी. बोर्डाचे एक टोक सुमारे वीस मिलिअँपिअर प्रवाह पेलते. एवढ्यात एक लहानसा दिवा लागतो. शेतावरच्या तीन फेजच्या पंपाला हुकूम द्यायचा तर मध्ये रिले आणि स्टार्टर यांची तजवीज हवी, आणि ती जोडणी जाणकार वायरमननेच करावी. त्या तारांपाशी चुकीला माफी नाही. ओल मोजणारे दोन दात्यांचे स्वस्त साधन काळ्या कापसाच्या जमिनीत रोवले, तर उन्हाळ्यात माती भेगाळून दात्यांपासून सुटते आणि साधन ‘कोरडे, कोरडे’ असा धोशा लावते. शिवाय अखंड प्रवाहामुळे दाते गंजतात ते वेगळेच. ह्या चुका मात्र शिकवणाऱ्या आहेत.

पण बोर्ड मुके असते. चूक कोठे झाली हे ते सांगणार कसे? त्यासाठी डिस्प्ले जोडतात. नवशिक्याच्या हाती प्रथम येतो तो सोळा घरांच्या दोन ओळींचा. तो जोडून वीज दिली, की बहुधा काहीच दिसत नाही, किंवा वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन उभे राहतात. पहिल्या प्रकारात पुष्कळदा दोष काहीच नसतो, मागचा इवलासा स्क्रू फिरवून अक्षरांचा गडदपणा वाढवायचा असतो; दुसऱ्यात वीज पोचली, पण हुकूम पोचलेला नाही, म्हणून तारा तपासायच्या. हा स्क्रू ठाऊक नसल्यामुळे किती निर्दोष डिस्प्ले अडगळीत गेले असतील, कोण जाणे.

आता त्यावर ‘फुलसावंगी’ लिहू जावे, तर भलतेच घडते. ह्या डिस्प्लेची मूळ वर्णमाला जपानच्या हिताची कंपनीने रचली. तिच्या रूढ प्रकारात रोमन अक्षरे आहेत, जपानी काताकाना आहे, थोडी ग्रीक अक्षरेही आहेत, देवनागरी नाही. संगणक मात्र आपल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन-तीन बाइट देतो. नऊ चिन्हांचे हे नाव सत्तावीस बाइटांचे होते, सोळा घरांत मावत नाही, आणि जे मावते त्यात दर तिसऱ्या घरी एक ग्रीक आल्फा आणि मधल्या घरांत जपानी खुणा उमटतात.

उपाय आहे, पण कष्टाचा. ह्या डिस्प्लेला आपण स्वतः घडवलेल्या आठ आकृत्या शिकवता येतात. प्रत्येक आकृती पाच ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. चौकटींचा कागद घेऊन बसावे. वरची ओळ अनुस्वार आणि वेलांटीसाठी, दुसरी शिरोरेघेसाठी, तळच्या दोन उकारासाठी. अक्षराच्या अंगाला उरतात जेमतेम चार ओळी. त्यात ‘स’ बसवताना घाम फुटतो. फु, ल, स, काना, वं, ग आणि दीर्घ वेलांटी अशा सात आकृत्यांत गाव लिहून होते, एक शिल्लक राहते. दोन घरांमध्ये काचेतच बारीक फट असल्याने शिरोरेघ मात्र तुटक दिसते. तिला इलाज नाही.

हे सोसत नसेल त्याने 128 बाय 64 ठिपक्यांचा ओएलईडी घ्यावा. त्यावर शिरोरेघ अखंड येते. परंतु त्या एका चित्रालाच 1024 बाइट लागतात, म्हणजे उनोच्या पाटीचा निम्मा भाग त्यातच सरतो. मला स्वतःला तो सोळा घरांचा हिरवा डिस्प्ले अधिक प्रिय आहे. त्यावर एकदा गावाखाली ‘महागाव’ लिहून पाहिले, तेव्हा एकंदर दहा आकृत्या लागतात असे दिसले, आणि तालुका गाळावा लागला.