पायाच्या दुखण्यात मनाची विचारपूस

आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता घरची मंडळी आम्हांस बहुधा एकच गाऱ्हाणे सांगतात: “फादर, आता तुम्हीच यांना काही सांगा. डॉक्टर म्हणतात चाला, तर हे चालत नाहीत. गोळ्या दिल्या तर उशीखाली ठेवतात.” आणि आम्हीही मोठ्या अधिकाराने त्या आजारी माणसास चार शब्द सुनावीत आलो. असे सुनावणे किती अपुरे असते आणि प्रसंगी त्याने किती हानी होते, हे आम्हांस एका घरी कळले. तो अनुभव व त्यानंतर वैद्यकीय मंडळींस विचारून, वाचून जे ज्ञान मिळाले ते, आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ते गृहस्थ सत्तरीच्या घरातले. सारी हयात रेल्वेच्या मालधक्क्यावर गेलेली. विडीची सवय जुनी, मधुमेह बारा वर्षांचा. पूर्वी ते पत्नीसह रोज सकाळी पायी मिस्सेला येत. पुढे वाटेत दोनदा थांबू लागले. मग केवळ रविवारी येऊ लागले. आणि पत्नी वारल्यानंतरच्या पावसाळ्यात येईनासेच झाले. डॉक्टरांनी पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे निदान करून विडी सोडण्यास सांगितले, गोळ्या लिहून दिल्या व रोज चालण्याची आज्ञा केली. सहा महिन्यांत यांपैकी एकही गोष्ट नीट घडली नाही. सूनबाई म्हणाल्या, “मामा अगदी आळसावलेत.” मुलगा म्हणाला, “बाबांचा स्वभावच हट्टी.” आम्हीही, “काका, मनावर घ्या. माणसाने ठरविले तर काय होत नाही?” एवढे बोलून उठलो.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, तो खोलीत दुर्गंधी येत होती. अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडा लागून झालेली जखम चिघळून काळी पडली होती. पंधरा दिवस ती त्यांनी मोज्याखाली झाकून ठेवली होती. “काका, कोणाला सांगितले का नाही?” असे विचारता ते भिंतीकडे पाहात म्हणाले, “फादर, चालून तरी आता कुठे जायचे आहे?”

त्या एका वाक्याने आमची चूक आमच्या पदरात पडली. ज्या मनाला आम्ही जोर करावयास सांगत होतो, तेच मन आजारी होते. बोट काढावे लागले. सुदैवाने पाऊल वाचले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी घरी सोडताना मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली, तेव्हा मुलगा रागावून म्हणाला, “बाबांचा पाय दुखतो, डोके नव्हे!” असे उद्गार अनेक घरांतून निघत असतील. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

पाय का दुखतो?

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त ज्या नळ्यांतून शरीरभर जाते त्यांना रोहिण्या म्हणतात. वाढते वय, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब व रक्तातील चरबी यांमुळे या रोहिण्यांच्या आतील भिंतीवर थर साचतात व मार्ग अरुंद होतो. हृदयाच्या रोहिणीत असे झाले म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिणीत झाले म्हणजे पक्षाघात होतो, आणि पायाच्या रोहिणीत झाले म्हणजे चालताना पोटरीत पेटके येतात. विश्रांती घेतली की वेदना शमते. पुन्हा चालू लागले की परत येते. या लक्षणाला डॉक्टर ‘क्लॉडिकेशन’ म्हणतात. हा शब्द लंगडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे.

याचे निदान कठीण नाही. घोट्याजवळचा रक्तदाब व दंडावरचा रक्तदाब मोजून पहिल्यास दुसऱ्याने भागतात. निरोगी माणसात हे प्रमाण एकाच्या आसपास असते, ०.९ किंवा त्याहून खाली आले की पायाकडचा रक्तपुरवठा कमी झाला असे समजतात. मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना पुष्कळदा गेलेली असते, त्यामुळे त्याला जखम झाल्याचे कळतही नाही. आणि रक्तच पुरेसे पोहोचत नसल्यामुळे ती भरून येत नाही. पाय गमावण्याची पाळी येते ती बहुधा अशा दुर्लक्षित जखमेपायी.

या रोगावरील एक उत्तम औषध म्हणजे चालणे. पोटरी बरीच दुखू लागेपर्यंत चालावे, थांबून वेदना शमू द्यावी, पुन्हा चालावे. असे आठवड्यातून निदान तीन दिवस, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास, किमान तीन महिने करावे. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु वाचकहो, दुखते म्हणून थांबावे ही शरीराची स्वाभाविक प्रेरणा, आणि दुखले तरी पुन्हा उठावे हा वैद्याचा आदेश. या दोहोंमध्ये जो उभा राहतो तो पाय नव्हे, मन होय. मनच खचले असेल तर हे औषध घेणार कोण?

मनाचा रक्तवाहिन्यांशी संबंध

मनाच्या खळबळीचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचतो, हे रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे यांनी आपल्या १६२८ सालच्या लॅटिन ग्रंथातच नमूद केले होते. पुढे साडेतीन शतकांनी त्याचे मोजमाप झाले. कॅनडातील माँट्रियल येथे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत त्यांपैकी १२ जण दगावले; आणि हृदयाच्या विकाराची तीव्रता हिशेबात धरूनही, ज्यांना झटक्यानंतर तीव्र नैराश्य आले होते त्यांच्यात मृत्यूचे भय इतरांपेक्षा सुमारे चौपट आढळले. पुढे २००४ साली डॉ. सलीम युसुफ या मूळच्या केरळीय हृदयतज्ज्ञांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ नामक अभ्यासाने हृदयविकाराच्या झटक्याची जी नऊ प्रमुख कारणे दाखविली, त्यांत धूम्रपान, रक्तदाब व मधुमेह यांच्याच पंक्तीस मानसिक ताण व नैराश्य यांना बसविले. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांना नैराश्य गाठते. पायांच्या रोहिण्यांच्या रुग्णांतही ते वारंवार आढळते.

हे घडते कसे? दोन मार्गांनी. पहिला मार्ग शरीराच्या आतला. मन सतत चिंतेत वा दुःखात असले म्हणजे अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात अधिक प्रमाणात येतात. त्यांनी नाडी जलद होते, रक्तदाब व साखर वाढते, रक्त गोठविणाऱ्या सूक्ष्म कणिका अधिक चिकट होतात, आणि रोहिण्यांच्या भिंतींत सौम्य दाह धुमसत राहतो. दुसरा मार्ग नित्याच्या वागण्याचा. खिन्न माणसाची झोप जाते, जेवणाची वेळ राहात नाही, विडी वाढते, गोळी चुकते, पायाला लागले तरी पाहावेसे वाटत नाही.

उलट दिशेनेही हेच चक्र फिरते. पाय दुखतो म्हणून माणूस घरी बसतो. घरी बसल्यामुळे बाजार सुटतो, मित्रमंडळी सुटते, लग्नकार्याला जाणे सुटते. आपण दुसऱ्यावर भार झालो ही भावना मनात घर करते, आणि पाय अधिकच निर्बळ होतो. आमच्या त्या गृहस्थांच्या बाबतीत पत्नीच्या मृत्यूचे दुःख व रोहिण्यांचा रोग हे एकमेकांस खतपाणी घालीत होते, आणि आम्ही सर्वजण त्यास आळस म्हणत होतो.

उपचाराने काय साधते?

येथे वाचकांस खरे ते सांगितले पाहिजे. अतिशयोक्तीने रुग्णाचे हित होत नाही. अमेरिकेत २,४८१ हृदयरुग्णांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात नैराश्य व एकाकीपणा यांवर समुपदेशनाचे उपचार करण्यात आले. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णांचे मन सुधारले असे दिसले. परंतु मृत्यू वा दुसरा झटका यांचे प्रमाण मात्र घटले नाही. याउलट दक्षिण कोरियातील ३०० रुग्णांस २४ आठवडे नैराश्यावरील गोळी अथवा निव्वळ दिखाऊ गोळी देऊन सुमारे आठ वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. त्याचे फलित २०१८ साली प्रसिद्ध झाले: खरी गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के, तर दिखाऊ गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांवर पुढे हृदयाचे गंभीर संकट आले. तात्पर्य, मनाच्या उपचाराने आयुष्य वाढतेच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. परंतु मन सुधारते, जगणे सुसह्य होते, एवढे तर निश्चित. आणि तेवढ्यासाठीही उपचार करणे हे कर्तव्यच आहे.

पायांच्या बाबतीत एक प्रयोग विशेष बोलका आहे. शिकागो येथील डॉ. मेरी मॅक्डरमॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या १९४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यविषयक व्याख्याने ऐकविली. दुसरा गट दर आठवड्यास एकत्र बसे. आपल्या अडचणी एकमेकांस सांगे, पुढील आठवड्याचे छोटे उद्दिष्ट ठरवी, वेदनेची भीती कशी आवरावी याची चर्चा करी, आणि मग ज्याने त्याने आपापल्या घरी चालावे. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटातील रुग्ण सहा मिनिटांत पूर्वीपेक्षा सरासरी सुमारे ४२ मीटर अधिक चालू लागले. व्याख्याने ऐकणाऱ्यांचे अंतर मात्र सुमारे ११ मीटरांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. आम्हां उपदेशकांस त्यात मोठा धडा आहे. उपदेश ऐकून कोणी चालू लागले नाही. सोबत मिळाली, तेव्हा पाय उचलले गेले.

घरच्यांनी काय करावे?

रोहिण्यांचा, हृदयाचा वा पक्षाघाताचा रुग्ण घरी असेल, तर त्यास शांतपणे दोन गोष्टी विचाराव्या. गेल्या पंधरा दिवसांत नेहमीच्या आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय? मन उदास, निराश राहते काय? डॉक्टर मंडळीही पहिल्या चाचणीस असेच दोन प्रश्न वापरतात. बहुतेक दिवस तसे वाटते असे उत्तर आल्यास ते रक्तदाबाच्या आकड्याप्रमाणेच डॉक्टरांच्या कानी घालावे. स्वतः निदान करीत बसू नये.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्याव्या. नैराश्यावरील काही जुनी औषधे हृदयाच्या लयीस बाधक ठरू शकतात. नव्या औषधांपैकी काही हृदयरुग्णांस सुरक्षित ठरली आहेत. तथापि रक्त न गोठण्यासाठी अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी चालू असता नव्या औषधांनीही रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून दोन्ही डॉक्टरांस एकमेकांचे उपचार ठाऊक असावेत. कोणतीही गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. गुण येण्यास काही आठवडे लागतात हेही ध्यानी ठेवावे.

रुग्णाचे पाय रोज, बोटांच्या बेचक्यांसह, कोणीतरी पाहावे. त्या निमित्ताने त्याच्याजवळ दहा मिनिटे बसणे होते, हाही लाभच. आणि “जगून काय करायचे” असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, तर ते म्हातारपणाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नयेत. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते.

लाज मात्र सोडली पाहिजे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत नैराश्याने पीडित अशा शंभरांपैकी ऐंशीहून अधिक लोकांस कोणताही उपचार मिळत नसल्याचे आढळले. आपल्या घरातील माणूस त्या ऐंशींत तर नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे.

आमच्या त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मुलाचा राग निवळण्यास महिना लागला. शेवटी तोच वडिलांस मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. पहिले पाच-सहा आठवडे काही फरक दिसला नाही. मग एके दिवशी काकांनी न्हावी बोलावून दाढी करवून घेतली. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने, शेजारचे एक निवृत्त शिक्षक त्यांना रोज संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊ लागले. विडी पूर्ण सुटली आहे असे म्हणवत नाही; पण दोनांवर आली आहे. चर्चपर्यंतचे अंतर ते अद्याप पायी तोडू शकत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र ते पत्नीच्या थडग्यापर्यंत काठी टेकीत, तीनदा थांबून, स्वतःच्या पायांनी गेले. आम्ही मागून चालत होतो. या वेळी आम्ही त्यांस काहीही सुनावले नाही.