चिमणराव ते सरपंच

हॉलिवूडच्या नटमंडळींची गंमत सांगणारी 'आँटुराज' ही मालिका आठ सीझन चालली. २०१५ मध्ये त्याच पात्रांना घेऊन तिची गोष्ट सिनेमात पुढे गेली. मराठीत छोट्या पडद्यावरून मोठ्या पडद्यावर जाणारी ही वाट 'चिमणराव गुंड्याभाऊ'नं १९७९ मध्येच धरली होती. फक्त आम्हा वऱ्हाडकरांच्या वाट्याला ती उलटी आली.

चि. वि. जोशींचे चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आणले विजया जोगळेकर-धुमाळे आणि याकूब सईद यांनी. दिलीप प्रभावळकरांचा भाबडा, घाबरट चिमणराव आणि बाळ कर्वेंचा आडदांड गुंड्याभाऊ बघायला पुण्या-मुंबईत टीव्ही असलेल्या घरी अख्खी आळी जमायची. अमरावती-अकोल्यात मात्र गच्चीवर कितीही उंच अँटेना लावा, पडद्यावर मुंग्याच. मुंबईचं प्रक्षेपण इथवर पोचतच नव्हतं. चिमणराव आम्हाला ठाऊक होते ते वाचनालयातल्या पुस्तकांतून. जुन्या मंडळींना आठवायचे ते मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावं करून'मधले (१९४०) दामुअण्णा मालवणकर. प्रभावळकरांचा चिमणराव इकडे येणार तर तो सिनेमातूनच. रिळांच्या पेटीला अँटेना लागत नाही, ती रेल्वेनं येते.  मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकासाठी तो सिनेमा म्हणजे पुढचा भाग नव्हता, पहिलीच भेट होती. अशा सिनेमाची खरी परीक्षा तिथेच होते, असं मला ठामपणे वाटतं.

ऐंशीच्या दशकात टीव्ही इकडे आला. पण त्यातून वऱ्हाडी बोली ऐकू यायला फार वर्षं गेली. अकोल्याच्या कवी विठ्ठल वाघांनी 'अरे संसार संसार' या सिनेमासाठी (१९८१) वऱ्हाडी गाणं लिहिलं; विनोदाला मात्र वाट पाहावी लागली. २०१४ मध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. सिनेमावाले आपल्या सिनेमाची जाहिरात करायला त्यातल्या थुकरटवाडी या काल्पनिक गावात यायचे आणि त्यांच्यासमोर अमरावतीकडचे भरत गणेशपुरे सरपंच म्हणून उभे राहायचे. 'मले-तुले' करत, जराही न बिचकता. मोठमोठे नट समोर असताना त्यांनी बोलीचा हेल मऊ केला नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण ते स्किटपुरतंच राहिलं. तो सरपंच दोन तासांच्या सिनेमाचा नायक व्हायला हवा. गोष्ट अकोल्याच्या कापूस बाजारात घडावी आणि संवाद घरी वऱ्हाडी बोलणाऱ्यानंच लिहावेत.