पंपाची भीती, गोळीचा भरवसा

परळला आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय आहे आणि तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय. जुने परळकर त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली याच आवारात सुरू झाले; केईएम उभे राहिले ते त्यानंतर ४० वर्षांनी, १९२६ साली. बैल आणि घोडे शहराच्या रस्त्यांवरून केव्हाच गेले. आता तिथे लॅब्रॅडॉर, पग, शिट्झू येतात, बास्केटमध्ये बसवलेली मांजरे येतात, आणि त्यांच्या नेहमीच्या तक्रारींतली एक म्हणजे खाज. चाळीतल्या एका खोलीत मूल सकाळी उठल्याबरोबर शिंकते, आजीला रात्री दम लागतो आणि पलंगाखाली कुत्रा पंजे चाटत बसतो, तेव्हा तिघांचे दुखणे पुष्कळदा एकाच कुळातले असते. त्यावरच्या औषधांबाबत होणारी चूकही एकच आहे. ॲलर्जीत औषध किती ‘स्ट्राँग’ यापेक्षा ते शरीरात कुठे पोचते आणि किती मात्रेत पोचते याला महत्त्व असते. आपण मात्र छातीत ओढायच्या पंपाला बिचकतो आणि मेडिकलच्या काउंटरवरून मिळालेली, आत काय आहे ते न वाचलेली गोळी निर्धास्त गिळतो. मुक्या जनावरांनाही तीच गोळी भरवतो.

ॲलर्जीच्या शास्त्राची एक मोठी पायरी कुत्र्यांमुळेच चढली गेली. १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्री ॲनिमोनचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. पहिली मात्रा सोसलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याहून कमी मात्रेने थोड्याच वेळात दगावला. शरीराला विषाची सवय होईल ही अपेक्षा साफ खोटी ठरली. पहिल्या भेटीने शरीर उलट जास्त हळवे झाले होते. या शोधाला १९१३ चे नोबेल मिळाले. पुढे कळले ते असे: धुळीतला किडा, मांजराच्या लाळेतले प्रथिन, कोळंबी अशा निरुपद्रवी गोष्टीला शरीर शत्रू समजते आणि आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. तीच गोष्ट पुन्हा समोर आली की पेशींतून हिस्टमिन बाहेर पडते. त्यामुळे शिंका येतात, डोळे चुरचुरतात, अंगावर पित्त उठते. सेटिरिझिनसारखी गोळी हे हिस्टमिन अडवते. पण काही तासांनी त्या जागी जी सूज धरते, नाक चोंदते, श्वासनळ्या आवळतात, त्यात हिस्टमिनखेरीज इतरही पुष्कळ रसायने कामाला लागलेली असतात. तिथे ही गोळी अपुरी पडते.

काही ठिकाणी तर तिचा संबंधच नसतो. लालबागच्या मिरची गल्लीत डंखावर मिरची कुटली जात असताना येणाऱ्या शिंका ही ॲलर्जी नव्हे, तो तिखट धुरळ्याचा सरळ दाह आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत कापूस पिंजण्याच्या खात्यातल्या कामगारांना सुटीनंतर कामावर परतल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची. तो बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीचा आजार. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना पालिकेने ताडपत्री घालून बंद केला, त्यावरून आंदोलने झाली आणि उच्च न्यायालयातला वाद गाजला. त्या वादात ज्या फुप्फुसाच्या आजाराचे नाव सतत येत होते तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हाही वेगळाच. कबुतरांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिने वर्षानुवर्षे श्वासातून आत जातात, फुप्फुस आतून सुजते आणि काही जणांत कायमचे जून, कडक होते. त्यावर पहिला उपाय कबुतरांपासून लांब होणे हाच. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम महिनोन्‌महिने ‘ॲलर्जीच असेल’ म्हणून गोळीवर ढकलला, तर वाया जातो तो उपचाराचा काळ.

आता पंपाकडे येऊ. दम्याच्या आणि नाकाच्या ॲलर्जीच्या मुळाशी सूज असते, आणि सूज उतरवण्यात स्टिरॉइडइतके भरवशाचे औषध आजही दुसरे नाही. स्टिरॉइड म्हटले की घरातले सगळे दचकतात, म्हणून थोडे गणित करू. पंपातून घेतलेल्या बुडेसोनाइडची एक नेहमीची मात्रा २०० मायक्रोग्रॅम असते. दम बळावला की दिली जाणारी प्रेडनिसोलोनची २० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे शंभरपट हा आकडा शब्दशः घेऊ नये. पण पंपातली चिमूट थेट श्वासनळीवर पडते आणि गोळी रक्तातून हाडे, डोळे, साखर, रक्तदाब सगळीकडे फिरून येते, हा फरक खराच आहे. नाकातल्या स्प्रेचेही तेच. तरीही पंप लपवून ठेवला जातो, लग्न ठरायच्या आधी तर हमखास, आणि धाप लागली की कुठूनतरी ‘दम्याची गोळी’ आणली जाते. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’च्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. या तफावतीची कारणे अनेक असतील. सूज उतरवणारा पंप नियमित न घेणे हे त्यातले मोठे कारण आहे. भारतात पंप तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी सिप्लाचे मुख्यालय लोअर परळलाच, गणपतराव कदम मार्गावर आहे. ज्या शहरात पंपाचा एवढा उद्योग आहे, त्याच शहरात तो बाहेर काढायला माणूस संकोचतो, याचे वाईट वाटते.

पंपाची सवय लागते, हा पहिला आक्षेप. दम्याचा पंप रोज लागतो तो आजार रोजचा असतो म्हणून. रक्तदाबाच्या गोळीला आपण व्यसन म्हणत नाही. खरी सवय लागते ती चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणाऱ्या झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची. आठवड्याहून अधिक काळ ते घातले की थेंबांचा असर ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, मग पुन्हा थेंब, आणि हे चक्र वर्षभर चालू राहते. त्या बाटलीला मात्र कोणी घाबरत नाही. मुलांची उंची खुंटते, हा दुसरा आक्षेप, आणि तो खोटा नाही. अमेरिकेत मुलांना चार ते सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड देऊन पुढे मोठेपणी त्यांची उंची मोजली गेली. ती इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. २०१२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सेंटिमीटरभराची ही किंमत खरी आहे. पण दम आवाक्यात नसलेल्या मुलाची झोप, शाळा आणि खेळही जातो, वारंवार तोंडावाटे स्टिरॉइड घ्यावे लागते आणि एखाद्या रात्री जिवावरही बेतते. यांतले काय पत्करायचे हे आईवडिलांना नीट समजावून सांगितले पाहिजे. डॉक्टरही मात्रा शक्य तितकी खाली आणत नेतात ती त्याचसाठी. पंप स्पेसरमधून घेतला आणि नंतर चूळ भरली, तर तोंड येणे आणि आवाज बसणे बरेचसे टळते. नुसत्या सालब्युटामॉलच्या निळ्या पंपावर वर्षानुवर्षे निभावणाऱ्यांनी मात्र सावध व्हावे. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘गिना’ने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना तो एकटा वापरू नका असे सांगितले आहे. तो नळ्या तात्पुरत्या उघडतो, सूज तशीच राहते.

‘साध्या’ गोळ्याही आपण समजतो तितक्या साध्या नसतात. अ‍ॅव्हिल किंवा क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूपर्यंत पोचतात, गुंगी आणतात. रात्रपाळीच्या टॅक्सीचालकाला ती देणे धोक्याचे, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची त्यांनी लघवी तुंबू शकते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२३ मध्ये बजावले. माँटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी तर घरोघरी आहे. त्यातल्या माँटेलुकास्टने काहींना वाईट स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे त्रास होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत अर्धा दिवस मोडण्यापेक्षा माणूस मेडिकलमध्ये जातो, यात त्याला दोष देता येणार नाही. अधूनमधून उठणाऱ्या पित्ताला किंवा धुळीच्या शिंकांना साधी सेटिरिझिन पुरेशी आहे. महिनाभर रोज गोळी लागू लागली, की मात्र रांग टाळून चालणार नाही.

कुत्र्याला ॲलर्जी झाली तर तो शिंकण्यापेक्षा खाजवतो जास्त. पंजे, कान, काखा आणि पोट ही त्याची दुखरी ठिकाणे. वारंवार कान फुटणे हीदेखील बऱ्याचदा ॲलर्जीच असते. घरातली सेटिरिझिन त्याला द्यावी का, हा प्रश्न पहिला येतो. पण कुत्र्यांच्या खाजेवर या जातीच्या गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो. मग महिन्याला एक ‘खाजेची सुई’ सुरू होते. ती बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडची असते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तिच्यावर भरवसा बसतो. कुत्रा खूप पाणी पिऊ लागतो, घरात लघवी करतो, त्याची कातडी पातळ होते, पुढे मधुमेहही होऊ शकतो. पशुवैद्य आधी पिसवांचे पक्के औषध देतात, त्वचेचा जंतुसंसर्ग बरा करतात, गरज पडली तर आठेक आठवडे एकाच ठरावीक आहारावर ठेवतात आणि त्यानंतर लागेल तेवढेच औषध देतात. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओक्लासिटिनिब खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत जाऊ देत नाही. ते वर्षाखालच्या पिल्लांना देत नाहीत. मांजराच्या बाबतीत तर स्वतःच्या मनाने काहीच देऊ नये. सर्दीच्या गोळीतले पॅरासिटामॉल मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही, एका गोळीनेही मांजर दगावते. कुत्र्याच्या मानेवर पिसवांसाठी टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असते, तेही मांजराला विषारी. आणि पंप कुत्र्याच्या तोंडाला लागेल असा ठेवू नये: त्याने तो चावून फोडला, तर सालब्युटामॉलचा मोठा साठा एकदम शरीरात जाऊन हृदयाचे ठोके बिघडतात.

घरात कोणाला मांजराची ॲलर्जी निघाली की शेजारीपाजारी सांगतात, मांजर सोडून द्या. मांजराच्या लाळेतले आणि कातडीच्या ग्रंथींतले फेल डी १ हे प्रथिन वाळून हवेत तरंगते, गादी-पडद्यांत मुरते आणि मांजर गेल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. त्यामुळे ते सोडून दिल्याचा गुण लगेच येत नाही, आणि रस्त्यावर सोडलेल्या मांजराचे हाल मात्र त्याच दिवसापासून सुरू होतात. दमा गंभीर असेल, औषधांनीही आवरत नसेल, तर मांजरासाठी दुसरे घर शोधणे भाग आहे, यात शंका नाही. बाकीच्यांनी मांजराला झोपायच्या खोलीत येऊ न देता नाकाचा स्प्रे रोज घेऊन बघावे. केस कमी असलेले कुत्रे ‘ॲलर्जी-फ्री’ म्हणून विकले जातात, त्यावर विश्वास ठेवू नये. दोष केसांचा नसतो.

एका ठिकाणी मात्र ना गोळी, ना स्प्रे. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि धुळीतल्या किड्यांत व झुरळांतही त्याच्याच जवळचे भावंड. म्हणून धुळीच्या काही रुग्णांना गिरगाव-दादरच्या खाणावळीतली कोळंबीही बाधते. ओठ सुजले, घसा आवळला, चक्कर आली तर जीव वाचवते ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिन. परदेशात रुग्ण खिशात बाळगतात ती तयार सिरिंज आपल्याकडे सहजी मिळत नाही, त्यामुळे अ‍ॅव्हिलची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात पोचणे हाच मार्ग.

औषधे मुळापासून बरे करत नाहीत, हा शेवटचा आक्षेप मान्य करावा लागतो. त्याच्या जवळ जाणारा एक उपचार आहे: ज्या गोष्टीची ॲलर्जी आहे तिचीच वाढत्या मात्रेची इंजेक्शने किंवा जिभेखालचे थेंब, साधारण तीन वर्षे. कुत्र्यांसाठीही तो उपलब्ध आहे. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, आणि तो सगळ्यांना लागू पडत नाही. जलनेतीने नाक धुण्याचा थोडा उपयोग होतो, पाणी मात्र उकळून गार केलेले हवे. मुंबईच्या दमट हवेत धुळीचे किडे बाराही महिने वाढतात, त्यामुळे गादीला मिळेल तेव्हा ऊन आणि चादरींना कढत पाण्याची धुलाई यांना पर्याय नाही. ज्यांचे नाक दरवर्षी ठरावीक दिवसांत, समजा दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास, बंड करून उठते, त्यांनी स्प्रे दोनेक आठवडे आधी सुरू करावा, कारण त्याचा असर दिसायलाच काही दिवस जातात. पिसवांचे औषध मात्र इथे वर्षभर द्यावे लागते. पिसवा मरतील अशी थंडी मुंबईत पडत नाही.