गिऱ्हाईक एक, नोंदी तीन

मुंबईत हिंदमाताच्या कापड बाजारातल्या एखाद्या दुकानासाठी बिलांचा प्रोग्रॅम लिहायचा आहे, असे समजू. दुकानातला संगणक विंडोजवर चालतो. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी लोअर परळच्या ऑफिसात मॅक वापरते. ज्या पट्ट्यात एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथेच आज ही कामे चालतात. हिशेब ज्या सर्व्हरवर साठतो तो लिनक्सवर असतो. तिन्ही ठिकाणी एकच प्रोग्रॅम पोचावा, कोणी केव्हा काय बदलले याची नोंद राहावी, म्हणून गिट वापरतात. गिटमधल्या या सगळ्या साठ्याला रिपॉझिटरी म्हणतात आणि इतिहासासकट तिची पूर्ण प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवण्याला क्लोन. एका आज्ञेचे काम. पण पुष्कळदा ते मध्येच अडते: फाइल तयार करता येत नाही, नाव चुकीचे आहे, अशा ओळी पडद्यावर येतात. कधी याहून वाईट होते. सगळे सुरळीत झाल्यासारखे दिसते आणि एक फाइल गायब असते. मग माणूस नेटला दोष देतो, फोल्डर पुसून पुन्हा क्लोन करतो, शेवटी गिटच काढून नव्याने बसवतो. या खटाटोपाने बहुधा काहीच साधत नाही, कारण दोष त्या संगणकात नसतोच. तो रिपॉझिटरीत, फाइलींना नावे दिली गेली त्या क्षणी शिरलेला असतो आणि त्याचा इलाजही तिथेच करावा लागतो.

हे पटण्यासाठी आधी क्लोन म्हणजे दोन वेगळी कामे आहेत हे ध्यानात घ्यायला हवे. पहिल्या कामात गिट सर्व्हरशी बोलते, ओळख पटवते आणि सारा इतिहास आपल्या साठ्यात उतरवून घेते. दुसऱ्या कामात त्या साठ्यातून आजच्या फाइली काढून फोल्डरमध्ये मांडते. याला चेकआउट म्हणतात. पासवर्ड नाकारला, किल्ली सापडली नाही, जोडणी तुटली, या तक्रारी पहिल्या कामातल्या. क्लोन झाले पण चेकआउट फसले, अशा अर्थाची ओळ गिट स्वतः छापते तेव्हा अडचण दुसऱ्या कामातली असते. अशा वेळी सगळा माल घरात आलेला असतो, फक्त फडताळावर लावता आलेला नसतो. तो पुन्हा मागवून उपयोग काय? ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा देऊन कोणती फाइल मांडता आली नाही ते पाहावे, त्या फाइलीचे नाव नीट वाचावे. निम्मे निदान तिथेच होते.

नावावर एवढे अडते, कारण फाइलीचे नाव म्हणजे काय याविषयी तिन्ही प्रणालींची समजूत वेगळी आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतले ते लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, काम सांभाळण्यासाठी. लिनक्सच्या दृष्टीने नाव ही नुसती बाइटांची रांग असते. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडले तर काहीही चालते. विंडोजला नावात अपूर्णविराम चालत नाही, प्रश्नचिन्ह चालत नाही, शेवटी टिंब चालत नाही. म्हणजे ‘बिले 10:30’ हे फाइलीचे नाव किंवा ‘जमा रु.’ हे फोल्डरचे नाव लिनक्सवर बिनतक्रार बनते आणि विंडोजवर अडकते. शिवाय ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘प्रन’, ‘नल’ अशी काही रोमन नावे विंडोजने डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत. खुद्द लिनक्स कर्नलमध्ये, नूवो नावाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फोल्डरात, ‘ऑक्स डॉट सी’ नावाची फाइल आहे. विंडोजवर कर्नल क्लोन करू पाहणाऱ्याचे चेकआउट तिच्यावर अडखळते. त्याच कर्नलच्या नेटफिल्टर विभागात काही फाइलींच्या जोड्या अशा आहेत की दोघींचे स्पेलिंग तेच, फक्त एकीत मोठी अक्षरे आहेत. विंडोज आणि मॅक साधारणपणे मोठ्या आणि लहान अक्षरांत फरक मानत नाहीत, म्हणून तिथे जोडीतली एकच फाइल उरते. गिट आता ही टक्कर झाल्याची सूचना देते. पण ती सूचना आहे, काम थांबवणारी चूक नव्हे, आणि घाईत ती नजरेतून सुटते. लिनक्सलाही मर्यादा आहेत. तिथे एका नावाला 255 बाइटांची जागा मिळते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे 85 चिन्हांत नाव संपते. विंडोज बाइट न मोजता चिन्हे मोजते, त्यामुळे तिथे शंभर चिन्हांचे लांबलचक मराठी नाव बनते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर मात्र नाव फार लांब असल्याची तक्रार येते. उलट बाजूला विंडोजची जुनी सवय अशी, की ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा सारा मार्ग 260 चिन्हांत बसला पाहिजे. एकात एक सात-आठ फोल्डर असले की ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. गिटमध्ये ‘लाँग पाथ्स’ हे सेटिंग चालू केले की तेवढी अडचण सुटते.

देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्यामुळे टकरीचा एक प्रकार मराठी नावांना शिवतच नाही. पण आपला एक खास प्रकार आहे. दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये ‘गिऱ्हाईक’ नावाची फाइल असणे अगदी साहजिक. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. पहिली रीत, ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडण्याची. ती भारतीय मानक ब्यूरोच्या 1991 च्या इस्की संकेतप्रणालीच्या परंपरेतून आली. दुसरी, साध्या र नंतर हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक टाकण्याची. जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून तीही मान्य आहे. तिसऱ्या रीतीत ऱ चे दोन तुकडे होतात, साधा र आणि त्याखालचा नुक्ता. पडद्यावर तिन्ही ‘गिऱ्हाईक’ सारखेच दिसतात. बाइट मोजले तर पहिले 24 भरते, बाकीची दोन 27. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव साठवताना ऱ चे तुकडे करायचीच. त्यामुळे लिनक्सवरून पहिल्या रूपात आलेली फाइल मॅकवर उतरली की गिटला ती अनोळखी वाटे: आपली फाइल हरवली आणि ही कुठली तरी नवी आली. 2012 मध्ये गिटमध्ये आलेले ‘प्रिकंपोज युनिकोड’ हे सेटिंग मॅकवर असे तुकडे पुन्हा जोडून घेते. मॅकची 2017 पासूनची फाइलप्रणाली, एपीएफएस, स्वतः तुकडे करत नाही, पण अखंड आणि तुकड्यांचे अशी दोन्ही रूपे एकच मानते. लिनक्स मात्र ती वेगळी मानते. दोन सहकाऱ्यांच्या कळफलकांनी ही दोन वेगळी रूपे दिली, तर सर्व्हरवर एकाच गिऱ्हाइकाच्या दोन याद्या तयार होतात आणि मॅकवर क्लोन करताना त्यातली एक दिसेनाशी होते. जोडक वापरलेले रूप तर युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही पहिल्याशी एक होत नाही. ते माणसानेच शोधून बदलावे लागते. शोधणेही सोपे नाही, कारण गिट मूळ सेटिंगमध्ये मराठी नावे आकड्यांत छापते: ग च्या जागी 340, 244, 227 अशी तिरक्या रेघांची माळ दिसते. ‘कोट पाथ’ हे सेटिंग बंद केले की नावे वाचता येतात. आणि दोन नावे वाचायला सारखीच वाटली, तर तीच आकड्यांची माळ खरा फरक दाखवते.

हिंदमाताला पावसात तुंबणारे पाणी सगळे तिथेच पडलेले नसते. भाग बशीसारखा सखल, म्हणून भोवतालचे पाणी तिथे उतरते. नुसते पंप लावून ते हटले नाही. अखेर महापालिकेला दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कमध्ये आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. क्लोनच्या चुकीचे तसेच आहे: ती दिसते शेवटच्या संगणकावर, येते वरून. हा फक्त गैरसोयीचा मामला असता तर वेगळी गोष्ट. पण डिसेंबर 2014, मार्च 2021 आणि मे 2024 मध्ये गिटला सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या तातडीने द्याव्या लागल्या, त्या नेमक्या प्रणालींमधल्या या फरकांमुळे. मोठी-लहान अक्षरे एक मानणाऱ्या प्रणालीवर, कावेबाजपणे नावे दिलेली रिपॉझिटरी नुसती क्लोन केली तरी परका प्रोग्रॅम चालवता येण्याची वाट उघडी राहिली होती. 2014 च्या दुरुस्तीत एचएफएस प्लसवर दुर्लक्षिली जाणारी अदृश्य चिन्हेही हिशेबात घ्यावी लागली, आणि आपल्या अर्ध्या ऱ साठी वापरला जाणारा जोडक त्यांतच मोडतो. अनोळखी ठिकाणची रिपॉझिटरी उतरवण्याआधी गिट अद्ययावत ठेवणे, हा म्हणूनच पहिला नियम.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मराठी नावे देताच कशाला, सगळे इंग्रजीत ठेवा. प्रोग्रॅमच्या आतल्या फाइलींपुरता हा सल्ला व्यवहार्य आहे. पण ‘ऑक्स’ची अडचण, मोठ्या-लहान अक्षरांची टक्कर, 260 चिन्हांची मर्यादा ही सगळी इंग्रजी नावांचीच दुखणी आहेत; इंग्रजीने सुटका होत नाही. आणि ज्या फाइली दुकानदार, कारकून, शिक्षक स्वतः उघडणार, त्यांची नावे त्यांच्या भाषेतच असली पाहिजेत. साधने मराठी पेलू शकतात. आपण एकच रूप ठरवून पाळायचे, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप असा, की गिटनेच सारे आपोआप जुळवून घ्यावे. हा ऐकायला न्याय्य वाटतो, पण गिटचा भरवसा ज्यावर उभा आहे त्यालाच तो धक्का लावतो. फोल्डरची नोंद करताना गिट त्यातल्या नावांचे बाइटही ठशात, म्हणजे हॅशमध्ये, मोजते. नाव परस्पर बदलले की ठसा बदलतो, आणि मग दोन संगणकांवरचा इतिहास एकच आहे याची खात्री उरत नाही. तिसरा आक्षेप म्हणजे सगळ्यांना एकाच प्रणालीवर आणा. विंडोजच्या आत लिनक्स चालवून किंवा मॅकवर अक्षरभेद पाळणारे वेगळे व्हॉल्यूम बनवून एखाद्याची अडचण निभावते, आणि तातडीच्या वेळी तसे जरूर करावे. अडलेली फाइल ‘स्पार्स चेकआउट’ने वगळून बाकीच्या मांडून घ्याव्यात, हेही चालते. पण दुकान, ऑफिस आणि सर्व्हर यांची यंत्रे वेगळीच राहणार, आणि पुढचा माणूस तिथेच अडखळणार.

म्हणून कायमचा इलाज एकच. ज्या यंत्रावर फाइल नीट उतरते, तिथे तिचे नाव गिटच्याच आज्ञेने बदलून तो बदल सर्वांसाठी साठ्यात टाकावा. याच भावकीतली दुसरी दुखणीही मुळाशीच बरी होतात. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे टाकते, लिनक्स एक. त्यापायी विंडोजवरून आलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालायला नकार देते. ओळी कशा संपवायच्या हे प्रत्येकाच्या सेटिंगवर न सोडता ‘गिट ॲट्रिब्यूट्स’ या फाइलीत लिहून ठेवले, की तो नियम रिपॉझिटरीबरोबरच प्रवास करतो.

नवी रिपॉझिटरी सुरू करणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. पहिली फाइल ठेवण्याआधी अर्धा तास बसून नियम ठरवा: रोमन नावे लहान अक्षरांत, विरामचिन्हे वर्ज्य, नाव आणि मार्ग आटोपशीर, मराठी नावांसाठी साऱ्यांचा कळफलक एक. मग तिन्ही प्रणालींवर एकेकदा क्लोन करून पाहा. हे काम पहिल्या दिवशी स्वस्त असते. वर्षभराचा इतिहास साचल्यावर तेच काम प्रत्येक सहकाऱ्याला पुन्हा पुन्हा करावे लागते.