अंतस्त्वचेतील दुर्मिळ मेलानोमा

मूळव्याध शस्त्रक्रियेवाचून बरी करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती मुंबईच्या उपनगरी लोकलच्या डब्यांत वर्षानुवर्षे चिकटविलेल्या दिसतात. शौचावाटे रक्त गेले की ती मूळव्याधच, ही समजूत त्यांमुळे अधिकच घट्ट होते. पुष्कळदा ती खरीही ठरते. परंतु क्वचित त्या रक्तस्रावामागे मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग असतो. आणि मलमे-चूर्णांत गेलेले महिने भरून काढता येत नाहीत.

रंगपेशी केवळ बाह्य त्वचेत असतात असे नव्हे. नाक, तोंड, गुदमार्ग व योनिमार्ग यांच्या ओलसर अस्तरातही, म्हणजे श्लेष्मल त्वचेत, त्या असतात. तेथे ऊन पोहोचत नाही. त्यामुळे गोऱ्या लोकांत उन्हाशी निगडित असलेल्या मेलानोमाहून हा प्रकार निराळा आहे. पाश्चात्त्य देशांत एकूण मेलानोमांपैकी तो सुमारे १ टक्का, तर चीनमध्ये २० टक्क्यांहून अधिक आढळला आहे. तेथे त्वचेचा मेलानोमा कमी, म्हणून याचा वाटा मोठा दिसतो, इतकेच. सावळ्या वर्णाचे संरक्षण मात्र येथे गृहीत धरता येत नाही.

एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे किंवा ती सतत चोंदणे, टाळूवर अथवा वरच्या हिरडीवर वाढत जाणारा काळा डाग, ऋतुनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव ही याची लक्षणे असू शकतात. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात. दोन्ही बाजूंस सारखी असणारी ती छटा निरुपद्रवी होय. मिशरी लावणाऱ्यांच्या तोंडात मात्र नवा डाग सहज नजरेतून सुटतो. शिवाय काही गाठींना रंगच नसतो, हे डॉक्टरांनाही चकविते.

खात्री होते ती तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. पहिल्या तपासणीसाठी अंधेरीकरांना कूपर आणि घाटकोपरकरांना राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये जवळची. पुढील उपचारांसाठी १९४१ पासून परळ येथे कार्यरत असलेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. गाठ समूळ काढणे हा मुख्य उपचार. नाकातील गाठीनंतर बहुधा किरणोपचारही देतात. तरीही रोग पुष्कळदा उलटतो. गेल्या दशकात प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे उपलब्ध झाली. त्यांचा गुण या प्रकारात त्वचेच्या मेलानोमापेक्षा कमी येतो. काही रुग्णांत ‘किट’ नावाच्या जनुकात बदल सापडतो, आणि त्यांच्यापैकी काहींना इमॅटिनिब या गोळ्यांचा उपयोग होतो.