जुन्या लुगरचा केसपेपर

बालरोगतज्ज्ञाने पिस्तुलांविषयी लिहावे, हे वाचकांस विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेत मुलीकडे गेलो असता शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी, त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धातून आणलेले जर्मन लुगर पी-०८ विकायला काढले होते. ते पाहण्याचा योग आला.

जर्मन भूदलाने १९०८ साली स्वीकारलेल्या या पिस्तुलाची पारख रुग्णतपासणीसारखीच असते. चौकटीवर पूर्ण क्रमांक, तर लहान भागांवर त्याचे अखेरचे दोन अंक असतात. ते न जुळल्यास सुटे भाग बदलले, असे निदान करावे. नव्याने चकाकी दिलेल्यापेक्षा झिजलेली मूळ निळसर झाकच संग्राहकांस प्रिय असते. सैनिकास ते घरी नेण्याची परवानगी देणारा कागद सोबत असेल, तर मोल वाढते.

मॅगझीन काढून, "रिकामे आहे" म्हणत त्यांनी ते टेबलावर ठेवले. वरची बारीक पट्टी किंचित उचललेली होती. तिच्या कडेवर ‘गेलाडेन’ अशी अक्षरे दिसत होती. मी अर्थ विचारला. गृहस्थांचा चेहरा उतरला. अर्थ होता, ‘भरलेले’! चेंबरमध्ये एक गोळी राहिली होती. आणि पलीकडे त्यांची पाच वर्षांची नात खेळत होती.

आपल्याकडे ९ मि.मी.चे पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही. तथापि इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या घरांतून आजोबांची बंदूक आढळते. तिच्या केसपेपरातील पहिला प्रश्न हाच असावा: चेंबर कोणी पाहिले?